फक्त तिच्याच सीडी

१

"रिकामी आहे," संग्रहपाल म्हणाला.

त्याने ड्राइव्हमधली सीडी काढली, खास ठेवलेल्या मऊ फडक्याने आतून बाहेर अशी पुसली आणि पुन्हा कप्प्यात ठेवली. कप्पा आत गेला. आतून घरघर आली, थांबली, परत आली. कुणी अंधारात चाचपडत किल्ली शोधावी तशी. मग पडद्यावर तीच ओळ उमटली : या सीडीवर काहीही नाही.

"दुसरी लावा," मोठी म्हणाली.

दुसरीही रिकामी. तिसरीही तशीच. संग्रहपालाने मग हाताला लागेल ती एक भलतीच सीडी लावली. ती लगेच सुरू झाली आणि एक गृहस्थ दात कसे घासावेत ते खणखणीत आवाजात सांगू लागले. त्याने घाईघाईने त्यांना गप्प केलं.

"म्हणजे ड्राइव्ह ठीक आहे," तो ओशाळून म्हणाला. "फक्त बाईंच्याच सीडी वाचत नाहीये."

बाई म्हणजे धाकटी. ती शेजारच्या खुर्चीत ताठ बसली होती. तिची उभी हयात या रेडिओ केंद्रात गेली होती. सकाळच्या बातम्या तिच्या, आणि दुपारची गोष्टींची मालिकाही तिचीच. ती गोष्ट वाचायला लागली की घराघरांत भांड्यांचे आवाज थांबायचे, असं लोक सांगत. मग घशाचा आजार झाला. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आता ती लिहायची छोटी पाटी गळ्यात अडकवून फिरे. टाइप केलेलं मोठ्याने वाचून दाखवणारं एक यंत्रही तिच्याकडे होतं; पण त्याच्या आतली परकी बाई प्रत्येक वाक्य दवाखान्यात नंबर पुकारावा तसं म्हणे. धाकटीला ते ऐकवत नसे.

त्यावर उपाय निघाला होता. वाचा-उपचार केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "तुमचा जुना आवाज आणा. मागे संगीत नको, मध्ये कुणी बोलायला नको. भरपूर आणि स्वच्छ हवा. यंत्र तो शिकेल आणि तुमच्याच आवाजात बोलेल." बातम्या थेट जात, त्या कुणी जपून ठेवल्या नव्हत्या. उरली होती ती गोष्टींची मालिका, या समोरच्या खोक्यात. आणि खोकं म्हणत होतं, मी रिकामं.

धाकटीने पाटीवर लिहिलं, पुसलं, शब्दांची जागा बदलून परत लिहिलं. मग पाटी मोठीपुढे धरली.

"वहिनी, कुणीतरी पुसल्यात."

मोठीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. दोघी सख्ख्या जावा. एका घरात नांदलेल्या, कपबशीवरून भांडलेल्या, आणि दवाखान्यात रात्री वाटून घेतलेल्या.

"शेवटच्या कोणी नेल्या होत्या या?" मोठीने विचारलं.

संग्रहपालाने मान खाली घातली. सांगावं की नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"मैनाताईंनी," तो शेवटी म्हणाला.

धाकटीच्या हातातला खडू मोडला.

२

मोठी विमा कंपनीत सर्वेक्षक होती. गोदाम जळालं की हिला पाठवत. जळालं की जाळलं, हे राखेत उभं राहून सांगणं हे तिचं काम. भले भले व्यापारी तिला बघून घाम पुसत. निवृत्त झाली तेव्हा साहेब भाषणात म्हणाले होते, "बाईंनी आम्हाला जेवढं वाचवलं तेवढं आगीच्या बंबांनीही वाचवलं नसेल." हे वाक्य ती मोका मिळाला की ऐकवायची, आणि त्यात तिला काडीचाही संकोच नव्हता.

मैनाचं नाव निघालं म्हणून ती लगेच मैनाकडे धावली नाही. "आधी वस्तूची साक्ष, मग माणसाची," ती म्हणाली. "वस्तू खोटं बोलत नाही. पण विचारलं तेवढंच सांगते. तेव्हा विचारायचं कसं, ते आपल्याला कळायला हवं."

तिने ड्राइव्हलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आधी भिंग साफ करणारी सीडी फिरवली. उपयोग शून्य. मग संग्रहपालाला सगळं खोकं उचलायला लावून ती खालच्या मजल्यावर लेखा विभागात गेली. तिथल्या संगणकानेही दात घासणाऱ्या गृहस्थांना बोलू दिलं आणि धाकटीला नाही. एक ड्राइव्ह बिघडू शकतो. दोन ड्राइव्ह अगदी त्याच सीडींवर रुसणार नाहीत.

"सीडीच नासल्या असतील का?" वर संग्रह विभागात परत आल्यावर ती म्हणाली. "ऊन, दमट हवा?"

संग्रहपाल दुखावला. "माझ्या विभागात? बाई, इथं पडदा एक वीतही सरकवू देत नाही मी कुणाला. आणि याच कपाटात, याच फळीवर दुसऱ्यांच्या सीडी आहेत. त्याच कंपनीच्या, त्याच सुमाराच्या. लावून बघा."

तिने लावून बघितल्या. सगळ्या बोलल्या. चिकटवलेल्या कागदी पट्ट्याही सगळ्यांवर सारख्याच होत्या. टाइप केलेल्या, सरळ, एकही कोपरा सुटलेला नाही. पट्टीवर नाव, विषय आणि शेवटी 'स्थिती : चालू'.

"ही स्थिती तुम्ही तपासून लिहिली?"

"रेकॉर्डिस्टसाहेबांनी सीडीवरच पेनाने लिहून ठेवलं होतं. 'चालू'. बाईंच्या सीडींवरून तो शब्द मी घेतला आणि सगळ्याच पट्ट्यांवर घातला. चालू म्हणजे चालतेय."

"चालू म्हणजे लबाडसुद्धा असतं," मोठी पुटपुटली. "बरं, एक सांगा. या पुसता येतात?"

संग्रहपाल उत्तर द्यायला तोंड उघडून तसाच राहिला. मग हळू म्हणाला, "नाही. या एकदाच लिहायच्या सीडी. लिहिलं ते लिहिलं. खरवडून नासवता येईल, पण पुसता येणार नाही."

"आणि खरवडलेल्या तर नाहीत."

"ओरखडा नाही एकही."

मोठीने धाकटीची एक सीडी उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदाच संग्रहपालाला न विचारता त्या खोलीचा पडदा सरकला. खिडकीतून ऊन आत आलं. तिने सीडीची चकचकीत बाजू तिरपी धरली, थोडी फिरवली, अजून थोडी.

"इकडे या," ती म्हणाली. "हा आतला पट्टा गडद दिसतोय, आणि बाहेरचा फिका. काय अर्थ याचा?"

संग्रहपालाने चष्मा कपाळावर सरकवला. पडद्याचं दुःख तो विसरला.

"जिथवर लिहिलंय तिथवर गडद दिसतं," तो म्हणाला. "बाई... ही तर जवळजवळ भरलेली आहे!"

३

मैना आता केंद्राची कार्यक्रमप्रमुख होती. तिला मैना म्हणत ते तिच्या गोड आवाजामुळे, आणि तिला ते आवडायचं. धाकटी आणि ती एकाच महिन्यात नोकरीला लागलेल्या. एकीने सकाळ घेतली, दुसरीने संध्याकाळ, आणि पुढची सगळी वर्षं कोण सरस यावर सगळ्या गावात दोन तट होते. समोरासमोर आल्या की दोघी हसत. त्या हसण्यात धार असे.

"बसा ना, ताई," मैना म्हणाली. "कशाला आलात ते मला माहीत आहे. बातमी जिना चढून माझ्याकडे आधी पोचली."

"मग बरंच झालं. सीडी नेल्या होत्या तुम्ही?"

"नेल्या होत्या. तिचं ऑपरेशन झालं त्यानंतर. सभागृहात श्रोत्यांचा मेळावा होता. म्हटलं, ती येऊ शकत नाही, तर तिची एक गोष्ट ऐकवावी." तिने टेबलावरची पेन्सिल उचलून पुन्हा ठेवली. "माणसं वाट बघत बसली आणि एकही सीडी वाजली नाही. तिथलं यंत्र म्हणे, रिकामी. मग मीच उभं राहून गोष्ट वाचली."

"आणि सीडी गुपचूप परत ठेवल्यात."

"हो."

"सांगितलं का नाही कुणाला?"

मैना हसली, पण या वेळी त्या हसण्यात धार नव्हती. "कुणाला सांगू? तिच्या सीडी माझ्या हातात आल्या आणि मुक्या झाल्या. अख्ख्या केंद्रातल्या एकाने तरी म्हटलं असतं का, की यात मैनाचा हात नाही? तुम्ही तरी आत्ता काय मनात धरून आलात?"

हात झटकणारी माणसं मोठीने खूप पाहिली होती. ती बहुधा दुसऱ्याकडे बोट दाखवतात. ही स्वतःकडेच बोट दाखवत होती.

"ताई, एक ऐका," मैना पुढे वाकली. "मी चांगली निवेदिका आहे. खूप चांगली. पण ते कशामुळे? रोज सकाळी तिचं ऐकायचे आणि म्हणायचे, आज संध्याकाळी हिच्यावर कडी करायची. तिचा आवाज पुसून मी माझी तुलना कुणाशी करून घेऊ? दात घासायला सांगणाऱ्यांशी?"

मोठीला हसू आलं. तिने ते लपवलं नाही.

"एक शेवटचं. या सीडी वाजताना तुम्ही स्वतः ऐकल्यात कधी?"

"कितीदा तरी. मालिका प्रसारित व्हायची ती या सीडींवरूनच."

"कुठल्या यंत्रावरून?"

"स्टुडिओतल्या. रेकॉर्डिस्टच्या त्या काळ्या रेकॉर्डरवरून. त्यातच तो भरायचा, त्यातूनच लावायचा." मैना बोलता बोलता थांबली. तिच्या भुवया जवळ आल्या. "ताई, खरं सांगू? त्या यंत्राबाहेर मी त्या वाजताना कधीच ऐकल्या नाहीत."

"कुठे आहे ते यंत्र?"

"भंगारात निघालं होतं. तो निवृत्त झाला तेव्हा रीतसर अर्ज करून घरी घेऊन गेला. का, ते कुणालाच कळलं नाही."

४

मोठी संग्रह विभागात परतली ती जवळजवळ धावतच. धाकटी तिथेच बसून होती. समोर पाटी कोरी.

"मैनाने काही केलेलं नाही," मोठी म्हणाली.

धाकटीने खडू उचलला. खूप वेळ लिहिलं, पुसलं, आणि शेवटी एवढंच उरलं : "मला वाटलंच होतं." मग खाली बारीक अक्षरात : "ती वाईट वाचते, वाईट वागत नाही."

"वाईटही वाचत नाही ती. उगाच काहीतरी." मोठीने खिडकीशी खुर्ची ओढली. "संग्रहपाल, मैनाच्या कार्यक्रमाची एक सीडी द्या. त्याच रेकॉर्डिस्टने भरलेली, त्याच यंत्रावर. आणि पट्टी लावायच्या आधीचं पेनाचं अक्षर कुठे दिसेल?"

"मधल्या गोलाजवळ. तिथे पट्टी पोचत नाही."

तिने दोन्ही सीडी उन्हात शेजारी शेजारी धरल्या. मैनाच्या सीडीवर पेनाने लिहिलं होतं 'पूर्ण'. धाकटीच्या सीडीवर 'चालू'. तिने खोक्यातल्या आणि फळीवरच्या सगळ्या चाळल्या. धाकटीची प्रत्येक सीडी 'चालू', बाकी प्रत्येक 'पूर्ण'.

"तुम्ही याचा अर्थ 'चालतेय' असा लावलात," ती संग्रहपालाला म्हणाली. "पण पूर्णच्या उलट काय असतं? अपूर्ण. काम चालू आहे, अशातला चालू."

"पण गोष्टी तर संपलेल्या आहेत. शेवटपर्यंत प्रसारित झाल्यात."

"गोष्टी संपल्या असतील. सीडी संपल्या नाहीत. आता हे बघा." तिने पुन्हा सीडी तिरप्या केल्या. "मैनाच्या सीडीचा गडद रंग अगदी आतल्या कडेपासून सुरू होतो. धाकटीच्या सीडीत आतल्या कडेला एक बारीक फिकी रेघ आहे. गोल, सगळीकडून. गडद रंग तिच्यानंतर सुरू होतो. सीडी आत गेली की ड्राइव्ह सर्वांत आधी कुठे बघतो?"

"आतल्या कडेला," संग्रहपाल म्हणाला. "तिथे अनुक्रमणिका असते. काय कुठे आहे ते." आणि मग त्याने स्वतःच कपाळावर हात मारला. "अनुक्रमणिकाच नाही!"

"पुस्तक उघडलं, पहिलं पान कोरं दिसलं, की हा पुस्तक मिटून सांगतो, आत काही नाही. खोटं बोलत नाही बिचारा. पुढचं पान उलटतच नाही." मोठीचा चेहरा आता उजळला होता. जळक्या गोदामात पहिला धागा सापडल्यावर व्हायचा तसा. "अनुक्रमणिका कधी लिहितात?"

"काम संपलं की. रेकॉर्डरवर बटण असतं, सीडी बंद करायचं. ते दाबलं की अनुक्रमणिका छापली जाते आणि ती कुठेही वाजते. मग मात्र तिच्यात एक शब्दही भरता येत नाही. बंद केली नसेल तर फक्त रेकॉर्डर तिला ओळखू शकतो. भरताना तो एका कोपऱ्यात स्वतःपुरती कच्ची नोंद ठेवत असतो. आपले इथले सगळे ड्राइव्ह नुसते वाचणारे."

"म्हणजे दुसऱ्या सगळ्यांच्या सीडी त्याने बंद केल्या आणि हिच्या उघड्या ठेवल्या. एक राहिली तर विसर म्हणता येतो. सगळ्याच राहिल्या, तर ते कुणीतरी ठरवून केलंय."

तिने धाकटीकडे पाहिलं. "त्याचं तुझ्याशी काही वाकडं होतं का गं?"

धाकटीने नकारार्थी मान हलवली. पण ती हलवताना तिची नजर खोक्यावर खिळली, आणि ती काहीतरी आठवत असल्यासारखी खडूशी चाळा करत राहिली.

५

रेकॉर्डिस्टचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. दार उघडलं ते त्याने स्वतः. उंच, किडकिडीत, कानावर पेन्सिल. मागे धाकटी दिसताच त्याने पटकन पेन्सिल काढून खिशात घातली, साहेब दिसल्यासारखी.

"या बाई," तो धाकटीला म्हणाला. मोठीकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

मोठीने बसण्याचीही वाट पाहिली नाही. "साहेब, तुम्ही हिच्या सीडी बंद का केल्या नाहीत?"

तो थबकला. मग खुर्ची पुढे सरकवून दिली, पंखा लावला, आणि समोर बसला.

"कुणी शोधून काढलं?"

"मी," मोठी म्हणाली. "आता का, ते तुम्ही सांगा."

"बाईंमुळे." त्याने धाकटीकडे हात केला. "सगळे जण वाचायचे आणि घरी जायचे. बाई दुसऱ्या दिवशी सकाळी बातम्या संपवून थेट माझ्याकडे यायच्या. 'काल त्या म्हातारीच्या वाक्यात मी श्वास चुकीच्या जागी घेतला. परत घ्या.' कधी एक शब्द, कधी एक पान. मी ते सीडीच्या शेवटी भरून ठेवायचो आणि प्रसारण करताना योग्य जागी लावायचो. ऐकणाऱ्याला कळायचंही नाही. मी म्हणायचो, बाई, झाली ही गोष्ट, बंद करू? त्या म्हणायच्या, थांबा, अजून एकदा ऐकू द्या."

धाकटी खाली बघत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मग आजार आला," तो म्हणाला. "त्यानंतर मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी मी सगळ्या सीडी काढून बसलो होतो. बटणावर बोट होतं. पण मला दाबवेना. या बाईंनी 'झालं' म्हटल्याशिवाय त्यांचं काम संपलं असं म्हणणारा मी कोण? आयुष्यभर मी पुष्कळ लोकांचं बोलणं भरलं. काम करतोय याचा अभिमान वाटला तो यांच्याबरोबर. ती दारं मी लावली नाहीत."

"निदान कुणाला सांगायचं तरी!"

"लिहून ठेवलं होतं की. प्रत्येक सीडीवर. चालू."

मोठीने कपाळ चोळलं. एका शब्दाने एवढा घोळ घातला होता, आणि शब्द लिहिणारा अजूनही समजत होता की याहून स्पष्ट काय लिहायचं.

"आणि ते यंत्र?"

तो उठला. कोपऱ्यातल्या टेबलावरची जाड चादर त्याने दोन्ही हातांनी उचलली. खाली काळा रेकॉर्डर होता, धूळ नाही, ओरखडा नाही.

"भंगारवाल्याच्या हाती कसा देऊ? यांच्या सीडी ऐकणारा हा एवढाच उरला होता."

त्याने वायर लावली. दिवा लागला. त्याने कप्पा उघडायचं बटण दाबलं.

आतून एक बारीक कण्हल्यासारखा आवाज आला. कप्पा हलला नाही.

६

"पट्टा सैल पडलाय," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "कप्पा ढकलणारा रबरी पट्टा. पडून राहिला की ताणून जातो."

त्याने झाकणाचे स्क्रू काढले. मोठी टेबलाला टेकून बघत होती. धाकटी बघत नव्हती. ती खिडकीशी पाठमोरी उभी होती. पट्टा निघाला तो शेवयासारखा लोंबत. त्याने खणातून तीन-चार पट्टे काढले, बोटांवर ताणून बघितले, एक निवडला. कप्पा सुळकन बाहेर आला.

"थांबा," मोठी म्हणाली. "बंद करायचं बटण आज दाबायचं नाही. यंत्र जुनं आहे. छापताना मध्येच अडकलं तर सीडी गेली. आधी वाजवा, आणि वाजताना तारेने दुसरीकडे उतरवून घ्या. गोदामातून माल आधी बाहेर काढायचा, दारं-खिडक्यांचं मग बघायचं."

रेकॉर्डिस्टने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "मीही हेच सांगणार होतो," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात बरोबरीच्या माणसाला दिलेला मान होता.

मोठीने पिशवीतून आणलेली सीडी आत गेली. घरघर. थांबली. रेकॉर्डरच्या छोट्या काचेवर अक्षरं आली : सीडी नाही.

धाकटी वळली नव्हती, पण तिचे खांदे वर चढले होते.

"भिंगावर धूळ," रेकॉर्डिस्ट म्हणाला. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून त्याने ते हरभऱ्याच्या डाळीएवढं भिंग पुसलं, बाळाचा डोळा पुसावा तसं. फुंकर मारली नाही. झाकण तसंच उघडं ठेवून सीडी परत बसवली, गोलावर चकती दाबली.

घरघर. थांबली. पुन्हा घरघर, या वेळी लांब, एका लयीत. आकडा उमटला.

आणि धाकटी बोलली.

म्हणजे यंत्र बोललं. पण त्या खोलीत तसं कुणालाच वाटलं नाही. गोष्ट होती नदीपलीकडे राहणाऱ्या एका हट्टी म्हातारीची. आवाज घाईत नव्हता. प्रत्येक शब्द आधी हातात घेऊन, वजन बघून खाली ठेवत होता. म्हातारी बोलायला लागली तेव्हा त्यात एक खोडकर खरखर आली, आणि नदीचं नाव आलं तेव्हा तो आवाज पाण्यासारखाच पसरला. मोठीने हा आवाज स्वयंपाकघरात ऐकला होता, भांडताना ऐकला होता, मुलं झोपवताना ऐकला होता. तिने मान उंच केली.

धाकटी हळूहळू वळली. रडत नव्हती. सभागृहात पुढच्या रांगेत बसून एखाद्या मोठ्या कलावंताला ऐकावं तशी ऐकत होती, डोळे अर्धे मिटून. पान संपलं. तिने पाटी घेतली आणि या वेळी एकही शब्द न पुसता लिहिलं :

"चांगलं वाचत होते की मी!"

"चांगलं?" रेकॉर्डिस्ट म्हणाला. "बाई, माझ्या उभ्या नोकरीत..." आणि तो उगाचच टेबलावरची वायर सरळ करू लागला.

धाकटीने खाली अजून एक ओळ लिहिली. "तिसऱ्या वाक्यात 'पलीकडे' जरा घाईत गेलंय."

मोठी इतकी मोठ्याने हसली की वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.

सगळ्या सीडी उतरून घ्यायला बरेच दिवस गेले. संग्रहपाल रोज खोकं छातीशी धरून तीन मजले चढत असे. एका दुपारी मैनाही आली; दाराशीच चपला काढून कोपऱ्यात बसली आणि दोन गोष्टी पुऱ्या ऐकल्या. जाताना धाकटीला म्हणाली, "अजून जमत नाही गं मला, तू पूर्णविरामाला थांबायचीस तसं." धाकटीने पाटीवर लिहून दिलं, "सरावाने जमेल," आणि मैना दात-ओठ खात, हसत जिना उतरली.

सगळा आवाज दोन ठिकाणी सुखरूप पोचल्यावर रेकॉर्डिस्टने पहिली सीडी पुन्हा लावली आणि बाजूला झाला. धाकटी पुढे आली. तिने बटण स्वतः दाबलं. यंत्र बराच वेळ आतल्या आत काहीतरी कोरत राहिलं, मग दिवा हिरवा झाला. रेकॉर्डिस्टने पेन पुढे केलं. तिने मधल्या गोलाजवळच्या शब्दावर काट मारली आणि वर लिहिलं, 'पूर्ण'. मग दुसरी सीडी मागितली.

७

यंत्राला तिचा आवाज शिकायला काही आठवडे लागले. डॉक्टरीणबाईंनी ते नवं करून हातात दिलं त्या दिवशी दोघी जावा उपचार केंद्राबाहेर पडल्या आणि समोरच टॅक्सी मिळाली. ड्रायव्हर मध्यम वयाचा, अबोल.

"कुठे?" त्याने विचारलं.

मोठी सवयीने बोलायला लागली, पण धाकटीने तिचा हात दाबला. तिने टाइप केलं. मागच्या सीटवरून तो आवाज आला, भरीव, निवांत, प्रत्येक शब्द वजन करून ठेवलेला :

"जुन्या पाण्याच्या टाकीवरून सरळ चला. मग एक लाकडी फाटक लागेल. त्या फाटकाशी एक मोठं झाड आहे."

ड्रायव्हरचा हात गिअरवर होता तो तिथेच राहिला. आरशात त्याचे डोळे मोठे झाले. टॅक्सी जागची हलली नाही. मागून एकाने हॉर्न वाजवला, मग दुसऱ्याने.

"पुढे?" ड्रायव्हर म्हणाला. अगदी लहान मुलासारखं.

मोठीने जावेकडे पाहिलं. धाकटी पाठ ताठ करून बसली होती आणि तिची बोटं सावकाश, मुळीच घाई न करता चालत होती.

"पुढे डावीकडे," तो आवाज म्हणाला. "आणि बाळा, आधी गाडी सुरू कर."